आधी चिप ओळखा, मग ड्रायव्हर शोधा

२००६ पर्यंत लिनक्स बसवणे अवघड राहिले नव्हते. मासिकासोबत आलेली किंवा उबुंटूने टपालाने मोफत पाठवलेली सीडी घातली की तासाभरात पडदा, आवाज, माउस, बहुतेक वेळा प्रिंटरसुद्धा जागच्या जागी यायचा. घोडे अडायचे ते मोडेमपाशी. कॅबिनेटच्या मागे ज्या कार्डात टेलिफोनची वायर खोचतो, ते कार्ड लिनक्सला जणू नव्हतेच. विंडोजमध्ये तेच कार्ड बिनतक्रार चालत असे, त्यामुळे खापर लिनक्सवर फुटायचे आणि सीडी कपाटात जायची. बीएसएनएलचे ब्रॉडबँड जानेवारी २००५ मध्ये सुरू झाले, पण २००६ मध्येही तालुक्याच्या गावी किंवा कोकणातल्या वाडीवर इंटरनेट म्हणजे डायल-अपच होते. तिथल्या माणसाचा मोडेम चालला नाही तर त्याच्यासाठी लिनक्स चालले नाही, इतका हा साधा हिशेब होता.

मोडेम चालवण्याचे हे काम होण्यासारखे असते, पण ते एका क्रमाने करावे लागते. आधी चिप ओळखायची, मग तिचा ड्रायव्हर बसवून पोर्टकडून उत्तर मिळवायचे, मग फोन लावायचा आणि सगळ्यात शेवटी इंटरनेटचे लॉगिन. प्रत्येक पायरीची स्वतंत्र परीक्षा आहे, आणि आधीची परीक्षा पास झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही. बहुतेकांचे हाल होतात ते शेवटच्या पायरीपासून सुरुवात केल्यामुळे. डायलरमध्ये नाव, पासवर्ड, नंबर भरून पुन्हा पुन्हा बटण दाबत राहायचे, आणि खाली कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या मूळ गाभ्याला, मोडेम दिसलेलाच नसतो.

दोन सूचना. पुढची माहिती २००६ च्या, २.६ कर्नलच्या काळातल्या लिनक्सची आहे. या लेखात आज्ञा आणि फाइलींची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजीत लिहायची. लिनक्सला लहान आणि मोठी लिपी वेगळी वाटते, म्हणून जिथे मोठी अक्षरे लागतात तिथे तसे सांगितले आहे. बाकी सगळे लहान लिपीत. ‘एटी’ने सुरू होणाऱ्या मोडेमच्या आज्ञा मात्र मोठ्या लिपीत लिहिण्याचा प्रघात आहे.

कार्डावर काय असते आणि काय नसते

पूर्ण मोडेममध्ये चार कामे होतात. टेलिफोनच्या तारेशी सुरक्षितपणे जोडणी करणारा भाग असतो. तारेवरच्या आवाजाचे आकड्यांत आणि आकड्यांचे आवाजात रूपांतर करणारा कोडेक असतो. त्या आकड्यांमधून बिट वेगळे काढणारा, म्हणजे खरे गणित करणारा सिग्नल प्रोसेसर असतो. आणि या सगळ्यांवर एक कंट्रोलर असतो, जो संगणकाकडून आलेल्या ‘एटी’ आज्ञा समजून घेतो, चुका दुरुस्त करतो, माहिती आवळून पाठवतो. बहुतेक जुन्या आयएसए कार्डांवर आणि सीरियल पोर्टला जोडायच्या बाहेरच्या मोडेममध्ये हे चारही भाग असत. म्हणून त्यांना ड्रायव्हर लागतच नाही. लिनक्सला ते साधे सीरियल पोर्ट म्हणून दिसतात.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्रोसेसर वेगवान झाले आणि कंपन्यांनी कार्डावरचे महागडे भाग काढून टाकायला सुरुवात केली. काहींनी फक्त कंट्रोलर काढला आणि गणित कार्डावर ठेवले. लुसेंटची ‘मार्स’ चिप आणि कोनेक्झंटची एचसीएफ या जातीच्या. इतरांनी गणितही संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर ढकलले; कार्डावर उरला कोडेक आणि तारेची जोडणी. कोनेक्झंटची एचएसएफ, पीसीटेल, स्मार्टलिंक, मोटोरोलाची एसएम-५६ ही सगळी दुसऱ्या जातीची. दोन्ही प्रकारांना बोलीभाषेत ‘विनमोडेम’ म्हणतात, कारण वगळलेले काम करणारे सॉफ्टवेअर कंपन्यांनी विंडोजसाठीच लिहिले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी सुटे भाग जुळवून बनवून घेतलेल्या संगणकात मोडेम सांगितला की स्वस्तातला म्हणून हाच घातला जायचा.

म्हणजे दोष लिनक्सचा नाही आणि कार्ड बिघडलेलेही नाही. कार्डाचा अर्धा भाग सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि तो अर्धा तुमच्याकडे नाही. तो मिळवणे एवढेच काम आहे. चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी तिची अंतर्गत माहिती प्रसिद्ध केली असती तर स्वयंसेवकांनी हे ड्रायव्हर केव्हाच लिहून कर्नलमध्ये घातले असते. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने लिनमोडेम नावाचा पूर्ण मुक्त सॉफ्टवेअर मोडेम लिहायला घेतला होता, त्यामुळे गणित अशक्य नाही हे दिसलेच आहे. अडथळा आहे तो गुप्ततेचा, आणि ही गुप्तता ग्राहकावर अन्याय करणारी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याने पैसे मोजून कार्ड घेतले, त्याला ते कोणत्या प्रणालीवर चालवायचे हे ठरवण्याचा हक्क असलाच पाहिजे.

चिपची ओळख

खोक्यावरच्या किंवा कार्डावरच्या ब्रँडकडे अजिबात पाहू नका. एकाच ब्रँडच्या, एकाच मॉडेलच्या कार्डावर या वर्षी एक चिप आणि पुढच्या वर्षी दुसरी असते. ड्रायव्हर ब्रँडसाठी नसतो, चिपसाठी असतो.

टर्मिनल उघडून रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, व्हा आणि ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा द्या. पीसीआय स्लॉटांत आणि मदरबोर्डवर जे जे आहे त्याची यादी येईल. त्यात ‘कम्युनिकेशन कंट्रोलर’, ‘सीरियल कंट्रोलर’ किंवा ‘मोडेम’ असा शब्द असलेली ओळ शोधा. मग हीच आज्ञा पुढे जागा सोडून ‘-एन’ लावून पुन्हा द्या. आता नावांऐवजी आकडे येतील: चार अक्षरांचा कंपनीचा क्रमांक, अपूर्णविराम (:), आणि चार अक्षरांचा चिपचा क्रमांक. हे आठ आकडे कागदावर लिहून घ्या. पुढच्या सगळ्या शोधाचा पाया हाच आहे.

कंपनीचा क्रमांक ११सी१ असेल तर चिप लुसेंटची, म्हणजे नंतरच्या अगेअरची. १४एफ१ म्हणजे कोनेक्झंट, १३४डी म्हणजे पीसीटेल, १६३सी म्हणजे स्मार्टलिंक, ८०८६ म्हणजे इंटेल, १०बी९ म्हणजे एएलआय. १२बी९ दिसला तर ते यूएस रोबोटिक्सचे कार्ड, आणि त्यापुढे १००८ असेल तर आनंद माना, कारण तो पूर्ण हार्डवेअर मोडेम आहे. त्याच कंपनीचा १००६ मात्र विनमोडेम.

मदरबोर्डवरच मोडेमचे सॉकेट असेल, किंवा आखूड तपकिरी एएमआर स्लॉटात पट्टी बसवलेली असेल, तर थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. तिथे यादीत ‘एसी-९७ मोडेम कंट्रोलर’ असे काहीतरी दिसते आणि कंपनी म्हणून इंटेल, व्हीआयए किंवा एटीआय येते. ही ओळख मोडेमची नाही. मोडेम ज्या मार्गाने जोडला आहे त्या मार्गाची आहे. खरा कोडेक त्यामागे लपलेला असतो. या कामासाठी स्वयंसेवकांनी ‘स्कॅनमोडेम’ नावाची एक छोटी स्क्रिप्ट तयार केली आहे. ती चालवली की चिप, कोडेक, कर्नल, कंपायलर या सगळ्याची एक लेखी जंत्री तयार होते. ज्याला स्वतः शोधायचे नाही त्याने निदान ही स्क्रिप्ट चालवून तिचा अहवाल जाणकाराला दाखवावा. नुसते ‘माझा मोडेम चालत नाही’ असे सांगून कोणीच मदत करू शकत नाही.

कोणत्या चिपला काय लागते

पूर्ण हार्डवेअर पीसीआय मोडेमला ड्रायव्हर लागत नाही. ‘डीमेसेज’ या आज्ञेत (लिहायची ‘डी-एम-ई-एस-जी’) ‘टीटीवाय’ शब्द शोधला तर त्याला टीटीवायएस४ किंवा टीटीवायएस१४ असे पोर्ट मिळालेले दिसते. यातला ‘एस’ मोठा. विंडोजमधला कॉम-१ म्हणजे लिनक्सचा टीटीवायएस०, कॉम-२ म्हणजे टीटीवायएस१, असा एकाने मागे चालणारा हिशेब आहे. पोर्ट आपोआप मिळाले नाही तर एलएसपीसीआयला ‘-व्ही’ लावून कार्डाचा आयओ पत्ता आणि आयआरक्यू क्रमांक पाहा आणि ‘सेटसीरियल’ या आज्ञेने ते एखाद्या मोकळ्या पोर्टला द्या. यूएआरटीचा, म्हणजे सीरियल पोर्टच्या चिपचा, प्रकार १६५५०ए द्या. जुन्या आयएसए कार्डांवर हेच काम छोट्या जंपरांनी होते. प्लग-अँड-प्ले जंपर काढून कॉम-३ निवडलात तर पत्ता ३ई८ आणि आयआरक्यू ४ होतो, आणि बायोसमध्ये ‘प्लग-अँड-प्ले ओएस’पुढे ‘नो’ ठेवावे लागते.

लुसेंटच्या चिपांपैकी ज्यांचा दुसरा क्रमांक ०४४ किंवा ०४५ ने सुरू होतो, त्या नशीबवान. गणित कार्डावरच होत असल्याने प्रोसेसरवर भार पडत नाही आणि ‘एलटीमोडेम’ हा ड्रायव्हर वर्षानुवर्षे घासूनपुसून स्थिर झालेला आहे. अंतर्गत मोडेमांमध्ये लिनक्ससाठी मी पहिली पसंती यांनाच देईन. मात्र त्याच कंपनीच्या ०४८सी आणि ०४८एफ या चिपा पूर्ण सॉफ्टवेअरवाल्या आहेत. त्यांना हा ड्रायव्हर चालत नाही. कंपनीचे नाव सारखे दिसले म्हणून तो बसवण्यात वेळ घालवू नका.

कोनेक्झंटच्या चिपांसाठी कॅनडातली लिनक्संट ही कंपनी २००६ मध्ये ड्रायव्हर देत होती. एचसीएफसाठी एक आणि एचएसएफसाठी दुसरा. मोफत प्रतीचा वेग सेकंदाला १४.४ किलोबिटवर अडवलेला होता. पूर्ण ५६ किलोबिटचा वेग आणि फॅक्स हवे असेल तर परवाना विकत घ्यावा लागत असे. १४.४ वर ईमेल चालते, पण आजची पाने उघडत नाहीत. तरीही आधी मोफत प्रतच बसवा. ती चालली म्हणजे कार्ड चालते हे सिद्ध झाले, मग पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.

इंटेलच्या ५३६ईपी आणि ५३७ईपी या चिपांचे ड्रायव्हर इंटेलने स्वतः दिले आहेत. पीसीटेलचा ड्रायव्हर २.४ कर्नलच्या काळातला, तो २.६ वर चालवण्याचे काम स्वयंसेवकांनी केले, पण त्याला चिकाटी लागते. मोटोरोलाच्या एसएम-५६ साठी जे काही होते ते जुन्या कर्नलपुरतेच, त्यामुळे तिच्या नादी लागू नये.

आता राहिला लॅपटॉप आणि मदरबोर्डवरच्या मोडेमांचा मोठा वर्ग. इथे स्मार्टलिंकचा ‘एसएलमोडेम’ उपयोगी पडतो, आणि तो फक्त स्मार्टलिंकच्या चिपांपुरता नाही. २.६ कर्नलमध्ये आवाजासाठी अल्सा ही यंत्रणा आहे आणि तिच्यात या मोडेमांसाठीही मॉड्यूले आहेत: इंटेलसाठी ‘एसएनडी-इंटेल८एक्स०एम’, व्हीआयए आणि एटीआयसाठी त्यांची आपापली. कर्नलला मोडेम हे एक साउंड कार्डच वाटते, आणि तत्त्वतः ते खरेही आहे. ‘एप्ले -एल’ (यातला दुसरा एल लहानच) ही आज्ञा दिली आणि यादीत मोडेम दिसला की अर्धे काम झाले. उरलेले गणित ‘एसएलमोडेमडी’ हा पार्श्वभूमीला चालणारा प्रोग्राम करतो. यात कर्नलसाठी काही कंपाइल करावे लागत नाही, हा मोठा फायदा. कोडेक कोनेक्झंटचा निघाला तर मात्र ही वाट बंद, मग एचएसएफ.

सायबर कॅफेत जाण्याआधी

मोडेमचा ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट मोडेमशिवाय नाही. म्हणून सायबर कॅफेची फेरी अटळ आहे, आणि अर्धवट माहिती घेऊन गेलात तर ती अनेकदा होईल. निघण्यापूर्वी चार गोष्टी लिहून घ्या. चिपचे आठ आकडे. ‘यूनेम -आर’ या आज्ञेने मिळणारी कर्नलची संपूर्ण आवृत्ती, शेवटच्या टिंबापर्यंत आणि डॅशपर्यंत. ‘कॅट’ आज्ञेने ‘प्रोक’ फोल्डरातली ‘व्हर्जन’ ही फाइल वाचून मिळणारी कंपायलरची आवृत्ती. आणि तुमच्या वितरणाचे नाव व क्रमांक, म्हणजे फेडोरा कोअर ५, उबुंटू ५.१० असे.

इतकी बारीक माहिती लागते कारण हे ड्रायव्हर अर्धे उघडे, अर्धे बंद असतात. गणिताचा गाभा कंपनीने आधीच कंपाइल करून दिलेला असतो आणि त्याभोवतीचे कवच तुमच्या कर्नलप्रमाणे तुमच्याच संगणकावर कंपाइल करायचे असते. त्यासाठी चालू कर्नलच्या हेडर फाइली लागतात. फेडोरात त्या पॅकेजचे नाव ‘कर्नल-डेव्हेल’, उबुंटू-डेबियनमध्ये ‘लिनक्स-हेडर्स’. आवृत्ती एका अंकाने जरी वेगळी असली तरी मॉड्यूल आत घेतले जात नाही. त्यामुळे ड्रायव्हर, हेडर पॅकेज, आणि ‘मेक’ व ‘जीसीसी’ सीडीवर नसतील तर तीही, असे सगळे एकाच फेरीत पेन ड्राइव्हवर आणा. ‘डब्ल्यूव्हीडायल’ हा डायलर आणि ‘पीपीपी’ ही पॅकेजे आहेत ना, तेही घरूनच पाहून निघा.

आणल्यावर फाइल उघडा आणि आधी ‘रीडमी’ वाचा. सल्ला जुना आहे, पण इथे तो अक्षरशः लागू होतो, कारण प्रत्येक ड्रायव्हरची रीत वेगळी आहे. बहुतेकांत ‘मेक’ आणि मग रूट होऊन ‘मेक इन्स्टॉल’ हे दोन टप्पे असतात. लिनक्संटच्या ड्रायव्हरात ‘एचएसएफकॉन्फिग’ ही एकच आज्ञा सगळे करते आणि देशही विचारते. नंतर ‘डेपमोड -ए’, मग ‘मॉडप्रोब’ आणि मॉड्यूलचे नाव. काही उत्तर आले नाही म्हणजे चांगले झाले. ‘एलएसमॉड’च्या यादीत नाव दिसले पाहिजे. बंद गाभ्यामुळे कर्नल ‘टेंटेड’ झाल्याची सूचना येईल, तिने घाबरू नका. ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ असे आले तर हेडर आणि कर्नल जुळत नाहीत. त्या वेळी जबरदस्तीने मॉड्यूल आत ढकलण्याचा पर्याय वापरू नका. संगणक जागच्या जागी गोठतो आणि फाइली जातात.

पोर्ट बोलते का?

ड्रायव्हर बसला की ‘डेव्ह’ फोल्डरात नवे नाव तयार होते. लुसेंटसाठी ड्रायव्हरच्या प्रतीनुसार टीटीवायएलटी० किंवा टीटीवायएलटीएम०, लिनक्संटच्या एचएसएफसाठी टीटीवायएसएचएसएफ०, एसएलमोडेमसाठी टीटीवायएसएल०. यात ‘टीटीवाय’ लहान, पुढची अक्षरे मोठी. एसएलमोडेमडी हाताने सुरू करताना त्याला देश आणि अल्साचे उपकरण सांगावे लागते: ‘--कंट्री=’ पुढे इंडिया, ‘--अल्सा’ आणि मग ‘एचडब्ल्यू:१’ किंवा ‘मोडेम:१’. देशांची यादी ‘--कंट्रीलिस्ट’ने दिसते. तो सुरू झाला की टीटीवायएसएल० तयार झाल्याचे स्वतःच सांगतो. ती खिडकी तशीच उघडी ठेवा, कारण ती बंद झाली की मोडेमही गेला.

आता या पायरीची परीक्षा. ‘मिनीकॉम -एस’ देऊन सीरियल पोर्टच्या जागी हे नवे नाव भरा, बाहेर या आणि ‘एटी’ लिहून एंटर दाबा. ‘ओके’ आले पाहिजे. ‘एटीआय३’ दिले तर बहुतेक चिपा आपले नाव सांगतात. ‘ओके’ येत नसेल तर डायलरमध्ये काहीही बदलून उपयोग नाही, मागे जा.

सामान्य वापरकर्त्याला पोर्ट उघडता येत नाही आणि रूटला येते, असे झाले तर परवानगीचा प्रश्न आहे. डेबियन-उबुंटूत आपले नाव ‘डायलआउट’ गटात घाला, त्या काळच्या फेडोरात ‘यूयूसीपी’ गटात. रोजचे इंटरनेट रूट होऊन वापरण्याची सवय मात्र लावून घेऊ नका. संगणक पुन्हा सुरू केल्यावर नाव गायब झाले तरी दचकू नका: २.६ कर्नलबरोबर आलेले ‘यूडेव्ह’ दर वेळी डेव्ह फोल्डर नव्याने भरते, त्यामुळे मॉड्यूल आपोआप चढण्याची सोय केली की नावही परत येते.

आपल्याकडची लाइन, आपल्याकडचा टोन

फोन लावताना सर्वांत जास्त दिसणारा संदेश म्हणजे ‘नो डायलटोन’. तारा नीट असतील, वायर ‘फोन’ऐवजी ‘लाइन’ लिहिलेल्या भोकात असेल, तरीही हा संदेश येतो. मोडेम ज्या टोनची वाट पाहतो तो दुसऱ्या देशाचा असतो. देश इंडिया निवडणे हा खरा उपाय. तो जमत नसेल तर सुरुवातीच्या आज्ञांमध्ये ‘एटीएक्स३’ घाला. मग मोडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. कार्यालयात इंटरकॉम असेल तर नंबरआधी ० आणि स्वल्पविराम द्या. प्रत्येक स्वल्पविराम म्हणजे साधारण २ सेकंदांची विश्रांती. गावातले एक्स्चेंज जुने असून फोन टिकटिक करत लागत असेल तर ‘एटीडीटी’ऐवजी ‘एटीडीपी’.

या कार्डांवर बहुधा स्पीकर नसतो, त्यामुळे काय चालले आहे ते ऐकू येत नाही. ‘फोन’च्या भोकात साधा टेलिफोन जोडून रिसीव्हर कानाला लावा आणि आधी तारेवर खरखर आहे का ते बघा. खरखर असेल तर तक्रार नोंदवून लाइनमनला बोलवा. सॉफ्टवेअरमध्ये त्यावर इलाज नाही. एकाच लाइनवर घरात दोन-तीन टेलिफोन समांतर जोडलेले असतील तर ते काढून पाहा, अनेकदा तेवढ्यानेच फरक पडतो. लाइन सारखी तुटत असेल तर ‘एस१०=५०’ ठेवा, म्हणजे क्षणभर सिग्नल गेला तरी मोडेम ५ सेकंद धीर धरेल. त्याने भागले नाही तर ५६ किलोबिटचे व्ही.९० बंद करून ३३.६ च्या व्ही.३४ वर या. बहुतेक चिपांना त्यासाठी ‘एटी+एमएस=व्ही३४’ समजते. थोडा कमी पण टिकणारा वेग हा दर पाच मिनिटांनी तुटणाऱ्या जास्त वेगापेक्षा फायद्याचा, कारण पुन्हा जोडणीचा प्रत्येक फोन टेलिफोनच्या मीटरवर चढतो. जोडणी झाल्यावर ‘कनेक्ट ११५२००’ दिसले तर तो संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग आहे, तारेवरचा नव्हे. तारेवरचा पाहायचा तर ‘एटीडब्ल्यू२’ घाला.

लॉगिन

या पायरीवर आलात तर अवघड भाग मागे पडला. डब्ल्यूव्हीडायल चांगला, कारण तो काय करतो ते ओळीओळीने दाखवतो. त्याचा ‘डब्ल्यूव्हीडायलकॉन्फ’ हा मदतनीस हार्डवेअर मोडेम आपोआप शोधतो. एसएलमोडेमचे पोर्ट त्याला सापडत नाही, म्हणून ‘ईटीसी’ फोल्डरातल्या त्याच्या फाइलीत ते हाताने लिहा. त्याच फाइलीत नंबर, युजरनेम, पासवर्ड भरा, ‘कॅरिअर चेक’पुढे ‘नो’ आणि ‘स्टुपिड मोड’पुढे ‘येस’ लिहा. पहिल्याने मोडेम सिग्नल कळवत नसला तरी काम थांबत नाही. दुसऱ्याने जोडणी होताच पीपीपी सुरू होते, आणि आपल्याकडच्या बहुतेक सेवांना तेच हवे असते. केडीई वापरणाऱ्यांना ‘केपीपीपी’ सोयीचे, पण पहिली जोडणी तरी डब्ल्यूव्हीडायलनेच करून पाहा.

पीपीपीने अर्ध्यावर मान टाकली तर शेवटी एक क्रमांक दिसतो, तो वाचा. १९ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड नाकारला गेला. १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला, बहुधा लाइनचा दोष. ४ म्हणजे कर्नलमध्ये पीपीपीच नाही. जोडणी टिकली पण पान उघडत नसेल तर ‘आयएफकॉन्फिग’मध्ये पीपीपी० पुढे पलीकडचा जो आयपी पत्ता दिसतो त्याला ‘पिंग’ करा. उत्तर आले तर तार ठीक आहे. मग ‘रूट -एन’मध्ये (इथे रूट म्हणजे ‘आर-ओ-यू-टी-ई’) शेवटची ओळ पीपीपी०ची आहे का ते पाहा. संगणकात नेटवर्क कार्ड असेल आणि त्याला गेटवे दिलेला असेल तर सगळी वाहतूक तिकडेच जाते. तो गेटवे काढून टाका. तेही ठीक असेल तर उरते ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’मधल्या डीएनएसची नोंद.

सगळे चालू झाले की चिपचे आकडे, ड्रायव्हरची फाइल आणि दिलेल्या आज्ञा यांची एक प्रत सीडीवर घालून ठेवा. पुढे कर्नल अद्ययावत झाला की मॉड्यूल पुन्हा कंपाइल करावे लागेल, आणि तेव्हा इंटरनेट बंद असेल. जुना कर्नल बूटच्या यादीतून लगेच काढू नका. पावसाळ्यात विजा होऊ लागल्या की टेलिफोनची वायर कार्डातून काढा. प्लगला लावलेला स्पाइक बस्टर टेलिफोनच्या तारेतून येणारी वीज अडवत नाही, आणि एवढ्या खटपटीने चालवलेले कार्ड एका लखलखाटात जळते.

चिप दुर्दैवाने न चालणाऱ्यांपैकी निघाली तर आठवडे घालवू नका. पुण्यात ‘प्लग’ आणि मुंबईत ‘आयलग-बॉम’ असे लिनक्स वापरणाऱ्यांचे गट २००६ मध्ये होते. अशा गटातल्या कोणाला आठ आकडे दाखवून एकदा खात्री करून घ्या आणि मग सीरियल पोर्टला जोडायचा बाहेरचा मोडेम घ्या. तो अंतर्गत कार्डापेक्षा महाग पडतो, पण कोणत्याही कर्नलवर ड्रायव्हरशिवाय चालतो आणि संगणक बदलला तरी कामी येतो. यूएसबीचा मात्र विचारून घ्या, त्यातही विनमोडेम असतात. नवा मोडेम घेताना दुकानदाराला ‘हार्डवेअर मोडेम हवा’ असे स्पष्ट सांगा, आणि लिनक्सवर न चालल्यास परत घेतला जाईल हे बिलावर लिहून घ्या.